नोलबेर्तोचा उघडा ग्लोव्ह

डिसेंबर जवळ आला की मी बोटांवर दिवस मोजू लागतो. आमच्या बेसबॉलच्या हिवाळी लीगची रीतच तशी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आम्ही राबायचं, आणि डिसेंबरात अमेरिकेत खेळणारे मोठे लोक सुट्टीला घरी आले, की त्यांना आपल्या गावासमोर खेळायची हौस येते. मग आमच्यासारख्यांनी उठायचं. लग्नात नवऱ्याचा मामा आला की खुर्ची रिकामी करून देतात, तसं.

मी मार्सेलिनो, सगळे चेलो म्हणतात. कॅचर आहे. सोळाव्या वर्षी मला आणि नोलबेर्तोला अमेरिकेतल्या एकाच संघानं एकाच दिवशी घेतलं. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि त्याचे चेंडू झेलणारा मी. आमच्या अख्ख्या कोन्सुएलो गावानं आम्हाला खांद्यावर बसवून साखर कारखान्यापर्यंत मिरवलं होतं. पुढे काय? कपाळ! ना तो वर पोचला, ना मी. त्या संघानं सोडल्यावर मेक्सिको, निकाराग्वा, इटली, जो घेईल त्याच्याकडे खेळलो. पोट भरलं, तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ऐकतो कोण?

त्या रविवारी आमचा सामना नोलबेर्तोच्या संघाशी होता. सकाळीच आमच्या कोच फाबियाननं मला बाजूला घेतलं.

"चेलो, मंगळवारी अमेरिकेतले मोठे साहेब खेळायला येतायत. तेही कॅचर. त्यांच्या हाताखाली एकच ठेवता येईल. तू, नाहीतर तो नवा पोरगा."

"ठरवणार कधी?"

"आज तुझी बॅट काय बोलते ते बघू."

माझी बॅट कधीची मुकी झाली होती. इथून गेलो तर या वयात मला दारात कोण उभं करणार? मेव्हण्याच्या मोटारसायकलवर गिऱ्हाइकं बसवून गावभर फिरायचं, एवढंच उरलं होतं. माझी बायको युडेल्का म्हणायची, "फिर की, त्यात लाज कसली?" ज्या गावानं खांद्यावर घेतलं, त्याच गावाला पाठीमागं बसवून न्यायचं! तिला काय सांगणार!

शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागं. दोघं बाद, दोघं तळांवर, आणि पाळी माझी. समोरच्यांनी पिचर बदलला, आणि आला कोण? नोलबेर्तो! मेल्या, तुला आजच यायचं होतं?

त्याची एक जुनी खोड होती. हळू चेंडू टाकायचा असला की आत चेंडूवर बोटं बसवताना त्याचा ग्लोव्ह पुरीसारखा फुगायचा. मी त्या संघाच्या अकादमीत घसा फोडून सांगायचो, "बंद कर ती पिशवी, फलंदाजाला दिसतंय!"

पहिले दोन चेंडू वेगाचे. दोन्ही हुकलो. तिसराही हुकला की मी बाद, सामना खलास. "चेलो, घरी जा, भात निवतोय!" वरून कुणीतरी ओरडलं. तिसऱ्याला मान वर केली, तर ग्लोव्ह टम्म फुगलेला. अजून सुधारला नाही गाढव, असं मनात म्हटलं आणि थांबून राहिलो. चेंडू रमतगमत आला. असा हाणला की थेट मागच्या भिंतीवर! तळांवरचे दोघंही धावत होम प्लेटला पोचले, दोन धावा, सामना आमचा. मी मैदानात उभा राहून खुळ्यासारखा हसत होतो. नोलबेर्तोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

कपडे बदलताना कोच येऊन शेजारी बसला. तेव्हाच समजायला हवं होतं.

"झकास मारलास रे."

"मग?"

"साहेबांचा फोन आला होता. चुलतभावाला सोबत आणतायत. तोही कॅचर आहे."

"म्हणजे मी..."

"तू आणि तो नवा, दोघंही बाहेर. माझ्या हातात काही नाही, चेलो."

"मग सकाळी बॅटीला बोलायला कशाला लावलंत?"

मी घामानं भिजलेला शर्ट काढून त्याच्या मांडीवर टाकला आणि निघालो.

फाटकाबाहेर तळणीच्या गाडीवर नोलबेर्तो उभा होता. डाव्या हातानं खात होता. उजवा नुसता लोंबत होता.

"या, हिरो!" म्हणत त्यानं एक गरम पापडी माझ्या हातात कोंबली.

"तुझी ती पिशवी, लेका! किती वर्षं सांगतोय?"

तो हसला. "ती खोड मेक्सिकोतच गेली. तिथल्या कोचनं ग्लोव्हला दोरी बांधून सराव करून घेतला. आता झोपेतसुद्धा उघडत नाही."

माझा घास तोंडातच राहिला. "मग आज?"

"कोपर गेलंय, चेलो. डॉक्टरनं सांगितलं, बस झालं. आजचा शेवटचा. तुझं काय चाललंय ते अख्ख्या लीगला ठाऊक होतं. म्हटलं, दोघांतला एक तरी राहू दे."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिथंच बसून रडावंसंही वाटलं. तेलकट बोटं पँटला पुसत तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मग? राहिलास ना?"

मंगळवारी त्याला कळणारच होतं. पण आज रविवार होता.

"राहिलो," मी म्हणालो.

"बघ! वाटलंच मला!" तो गाडीवालीला ओरडला, "मावशी, आमच्या कॅचरला अजून एक द्या!"

मी तीही खाल्ली.