चौकटीतल्या अक्षता

"शोभना, सूर्याला पाणी काचेआडून देऊ नकोस हो. दारी आलेल्याला आतूनच हात हलवून वाटेला लावल्यासारखं होतं ते. आधी खिडकी उघडायची, मग द्यायचं."

सासूबाई ईडन प्रेरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून हे म्हणाल्या, तेव्हा जून महिना होता. जूनमध्ये मिनेसोटात माणूस काहीही कबूल करतो. मी म्हटलं, "रोज उघडून देईन, आई." त्या ऑगस्टमध्ये पुण्याला परतल्या आणि पुढच्या वर्षी गेल्या. इथली थंडी त्यांनी कधी पाहिलीच नाही.

मी मात्र तेवीस हिवाळे शब्द पाळला. तांब्यात पाणी, चिमूटभर कुंकू, चार अक्षता. खिडकीचा दांडा फिरवायचा, पल्ला वीतभर बाहेर गेला की हात काढून अर्घ्य द्यायचं आणि बोटं शाबूत आहेत तोवर बंद करायचं. वारा समोरून असला की निम्मं अर्घ्य सूर्याला आणि निम्मं चौकटीला.

चौकट लाकडाची.

दोन वर्षांपूर्वी ती खालून काळी पडायला लागली. आमचे हे, म्हणजे प्रल्हाद, निवृत्त इंजिनिअर. निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू त्यांनी सुखाने जुनी होऊ दिलेली नाही. "वरून कुठूनतरी लीक आहे," म्हणाले. मग छत तपासलं, पन्हळ बदलली, फटी बुजवल्या. प्रत्येक वेळी शिडी मी धरली. खोटं मी एकदाही बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही.

यंदा जानेवारीत बोट टेकवलं तर चौकटीत खड्डा पडायला लागला, तेव्हा यांनी खिडक्या बदलायच्या ठरवल्या आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला. लाकूड, ॲल्युमिनियम, व्हायनिल नावाचं प्लास्टिक, फायबरग्लास. प्रत्येकाला दहापैकी गुण. व्हायनिल पहिलं आलं. यांच्या तक्त्यात जे मनात असतं तेच पहिलं येतं.

खिडकीवाल्याची वेळ घेतली ती गुरुवारी सकाळी दहाची. गुरुवारी सूर्योदयापासून बारापर्यंत माझं मौन असतं. लिहायचंसुद्धा नाही, कारण चिठ्ठी म्हणजे हाताने केलेली बडबडच. यांनी गुरुवार मुद्दाम निवडला असं मी म्हणणार नाही. व्रत करणाऱ्या बाईने असा संशय घेऊ नये. पण निवडला गुरुवारच.

कर्ट नावाचा साठीचा, उंच माणूस आला. न सांगता बूट दारात काढले, तेव्हाच मला आवडला. त्याच्या पिशवीत चौकटींचे कापलेले कोपरे होते. ते त्याने टेबलावर एका ओळीत मांडले आणि पेचकस घेऊन माझ्या खिडकीकडे वळला. मी हात जोडून बाजूला उभी राहिले.

त्याने चौकट उकरली. ओला भुसा पडला. आणखी उकरली. मग तळहातावर काहीतरी घेऊन उजेडात धरलं.

"चाळीस वर्षं खिडक्या काढतोय," तो म्हणाला, "उंदीर सापडले, गांधीलमाशा सापडल्या, एकदा लग्नाची अंगठी सापडली. तांदूळ कधी नाही सापडले. आणि तेही लाल!"

हे पुढे झाले. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. त्या चार दाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शोभना."

मी छताकडे पाहिलं.

"अगं, छताकडे काय बघतेस! छत मी दोन वर्षं बघतोय! शिडी कोण धरत होतं माझी?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं. प्रश्नाचं उत्तर दिलंच पाहिजे.

"कर्ट," हे वळून म्हणाले, "ही खिडकी फिक्स्ड कर. न उघडणारी. एक अखंड काच. व्हायनिलची चौकट. विषयच संपला."

"फिक्स्ड सगळ्यात उबदार," कर्टने कागद पुढे केला. "इथे सही करा."

यांनी पेन उघडलं. मायक्रोवेव्हवर दहा चाळीस वाजले होते. बाराला अजून एक तास वीस मिनिटं. मौन मोडावं तर गुरुवार गेला, आणि न मोडावं तर सासूबाईंना दिलेला शब्द गेला.

मी कागदावर उपम्याची बशी ठेवली.

"नको नको, मी ठीक आहे," कर्ट म्हणाला. इथली माणसं दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात. त्याबाबतीत ती आपल्या सोलापूरच्या आत्याबाईंसारखीच. मी बशी दोनदा पुढे सरकवली, तिसऱ्यांदा त्याने चमचा उचलला.

उपमा संपला तशी मी आणखी वाढला. यांनी बशीखालून कागद ओढायला घेतला, तर यांच्याही पुढे बशी आली. मग लिंबाचं लोणचं. ते खाऊन कर्टचे कान लाल झाले, म्हणून ताक. ताकानंतर चहा. चहा उकळायला मी आयुष्यात एवढा वेळ कधी घेतला नव्हता.

"तुझी चाल मला कळतेय बरं," हे मराठीत पुटपुटले. "किती वेळ खाऊ घालशील?"

सव्वाअकरा झाले होते. मी गुरुवारच्या नैवेद्याचा शिरा गरम करायला ठेवला.

"आता खरंच पुरे," कर्ट पोटावर हात ठेवून म्हणाला. मी देवघराकडे बोट दाखवलं आणि यांच्याकडे पाहिलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे बिचाऱ्यांनाच इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. समजावता समजावता पाऊण तास गेला, कारण यांना कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय आहे. मी तिच्यावरच भिस्त ठेवली होती.

बारा वाजले.

"खिडकी उघडणारीच हवी," मी म्हटलं. इंग्रजीत, कर्टला कळेल असं.

कर्टच्या हातून चमचा पडला. "मॅम, तुम्हाला बोलता येतं?"

"अठरा वर्षं इथल्या लायब्ररीत काम केलंय मी," मी म्हटलं. "गुरुवारी सकाळी तेवढं बोलत नाही." मग यांच्याकडे वळले. "पाणी माझंच. तांदूळही माझेच. छताचं चुकलं माझं, आधी सांगायला हवं होतं. पण काचेआडून पाणी देणार नाही असा मी आईंना शब्द दिलाय. याच ओट्याशी."

"कुठल्या आईंना?"

"तुमच्या."

यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मला वाटायचं, तुझ्या असंख्य व्रतांतलं एक," हे म्हणाले. "आईचं आहे हे बोलली नाहीस कधी."

"तुम्ही उठायच्या आत होतं ना ते. विषय कधी निघणार?"

यांनी पेन मिटलं आणि कर्टला विचारलं, "रोज पाणी पडणार, रोज उघडणार, बाहेर शून्याखाली वीस. काय टिकेल?"

कर्टने एकेक कोपरा माझ्या हातात दिला. लाकूड देखणं, पण पाणी प्यायलं की कुजणार. ॲल्युमिनियमवर आतून बर्फ धरणार. व्हायनिल कुजत नाही, पण कडाक्याच्या थंडीत आखडतं आणि उन्हाळ्यात फुगतं. "फायबरग्लास मात्र काचेइतकंच आखडतं-फुगतं, म्हणजे जवळजवळ नाहीच," तो म्हणाला. मी तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. पाणी घरंगळून टेबलावर, टेबलावरून यांच्या पायमोज्यांवर.

"तक्त्यात दुसरं आलं होतं," हे पाय झटकत म्हणाले. "दुरुस्त करतो."

सही झाली. खिडकी यायला आठ आठवडे. जाताना कर्टने दांडा काढून माझ्या हातात दिला. "तोवर ही उघडू नका. पल्ला एका बिजागरीवर लटकतोय. वचन द्या."

मी दिलं. आता दोन वचनं झाली, आणि एकमेकांच्या आड उभी.

"मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर जाऊन देईन," मी म्हटलं.

"गुडघाभर बर्फ आहे तिथे. पडशील."

"आठ आठवड्यांचा तर प्रश्न."

"मी वाट करून देईन. रोज, तुझ्या आधी."

मी हसले. निवृत्तीनंतर या माणसाने साडेआठच्या आतला सूर्य पाहिलेला नाही. शिऱ्याच्या भरात बोलले असतील म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तांब्या घेऊन मी जिना उतरत होते. बाहेर अजून निळसर अंधार होता. खाली मागच्या दाराशी हे स्टुलावर बसून बूट चढवत होते, दिवा न लावता. स्वतःची टोपी सापडली नसावी, कारण डोक्यावर माझी गुलाबी लोकरीची होती, गोंड्यासकट. तोंडाने बुटाच्या नाडीला काहीतरी बोलत होते.

शुक्रवार होता. मला बोलता आलं असतं. मी जिन्यातच थांबले.

यांनी भिंतीला टेकवलेलं फावडं काखेत धरलं, दार करकरू नये म्हणून दोन्ही हातांनी हळूच ओढलं, आणि बाहेर पडले.