सव्वापाच फुटांची जेवणगाडी

मित्रांनो, मी इस्पितळातली एक जुनी जेवणगाडी आहे. जुनी म्हणजे चौदा महिन्यांची. माझा रंग आकाशी आहे, अंग चकचकीत आहे आणि मला माझीच शिसारी येते.

माझा जन्म एका सहा फूट दोन इंची डिझाइनरच्या टेबलावर झाला. नुसता रंग ठरायला सात आठवडे लागले. "हा आकाशी जरा उदास वाटतो," असं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एकदा इस्पितळात जाऊन, मला ढकलणार कोण ते बघून यावं, असं त्याच्या सहकारी मुलीने सुचवलं. तो म्हणाला, "अगं, गाडी ढकलायचीच तर आहे. त्यात बघायचंय काय?"

मला ढकलणार होत्या मावशी. तेवीस वर्षं वॉर्डात जेवण वाढणाऱ्या. त्यांची उंची चार फूट नऊ इंच, माझी सव्वापाच फूट. मला ओढायची सोय नव्हती. पुढे मूठ लावली असती तर म्हणे माझं रूप बिघडलं असतं.

पहिल्याच दिवशी मावशी माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि दिसेनाशा झाल्या. एका आजोबांनी मलाच विचारलं, "सुपात मीठ आहे का गं?" मागून मावशींचा आवाज जणू माझ्या आतून आला, "आहे, आजोबा!" त्यांचा रक्तदाब उतरायला दोन दिवस लागले.

आठवडाभरात मी दोन खुर्च्या, एक सलाइनचा स्टँड आणि मोठे डॉक्टर यांना ठोकलं. मग बैठक झाली. तिथे माझी उंची कुणी काढली नाही, मावशींची काढली. कागदावर लिहिलं, 'कर्मचारी अपुऱ्या उंचीच्या आहेत. महिन्याभरात सुधारणा न झाल्यास कामावरून कमी करावे.' पन्नाशीच्या बाईने महिन्यात सहा इंच वाढायचं! तो कागद माझ्याच अंगावर चिकटवला. उष्ट्या सुपाचीही मला कधी इतकी घाण वाटली नव्हती.

मुदत संपायला चार दिवस उरले आणि डिझाइनर माझे फोटो काढायला आला. मला कसलंसं बक्षीस मिळणार होतं. कॅमेरा डोळ्याला लावून तो वाटेच्या मधोमध उकिडवा बसला. वळणावरून आम्ही आलो.

त्याच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

"मावशी, मी दिसलो नाही तुम्हाला?"

"नाही हो, दादा. महिनाभर मला फक्त ही आकाशी भिंत दिसतेय."

त्याच वॉर्डात त्याला पलंग मिळाला. दुसरं काही करता येईना, म्हणून तो मावशींकडे बघत बसला. त्या कुठे वाकतात, वळणावर मान कशी बाहेर काढतात, कुणाला चमचा डाव्या हातात देतात, हे सगळं त्याने प्लास्टरवर लिहून काढलं. जागा संपली, तेव्हा त्याने दुसऱ्या पायाकडे जरा आशेने पाहिलं.

चौथ्या दिवशी इस्पितळाचे साहेब मावशींना कामावरून काढायला आले. पलंगावरून तो ओरडला, "त्यांची उंची बरोबर आहे! चूक माझी आहे!" आणि पुरावा म्हणून त्याने पाय पुढे केला. साहेबांना तो घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वाचावा लागला.

मावशी राहिल्या. नवी गाडी तीन फुटांची आली. तीही आधी पुठ्ठ्याची करून मावशींकडून तीनदा ढकलून घेतलेली. मी आता अडगळीत आहे आणि माझ्यावर ओली फडकी वाळतात.

मित्रांनो, कुणासाठी काही बनवणार असाल, तर आधी दोन दिवस त्या माणसाच्या मागे हिंडा. दोन्ही पाय धड असताना ते काम फार सोपं जातं.