आईने जुळवलेल्या शिंपल्या

१९६८ सालची गोष्ट. बंदरामागच्या कारखान्यात शिंपल्यांच्या डब्या बनायच्या: दोन शिंपल्या, मागे पितळी बिजागरी, आत मखमल. आई तिथे जुनी, शिंपल्या जुळवायची. बाबा आणि मी त्याच वर्षी लागलो होतो. कुलपं दुरुस्त करणारे बाबा आता बिजागऱ्या बसवायचे, मी मखमल चिकटवायची. पंख्यासारख्या त्या शिंपल्या एकाच होडीतून यायच्या, पण एकीचं रूप दुसरीला नाही. केशरी, जांभळ्या, तपकिरी, काही ठिपक्यांच्या, काही पट्ट्यांच्या.

आईची नजर अधू होत चालली होती. मालकीणबाईंना कळलं तर तिला घरी बसावं लागेल, ही आम्हाला धास्ती. आईला घरी बसणं म्हणजे शिक्षाच.

एकदा बाबांनी पाहिलं, तिच्या जोड्यांत वरची शिंपली गडद जांभळी, खालची पांढुरकी. ते हबकलेच. मग आई जेवायला उठली की ते गुपचूप रंगाला रंग लावून ठेवू लागले. डबी नीट मिटली नाही तर बिजागरी वाकवायचे.

काही दिवसांनी मालकीणबाई टोपली घेऊनच आल्या.

"काय हो, ह्या सगळ्या जांभया देत बसल्यात! एकीचं तोंड मिटेल तर शपथ."

आईने एक डबी उचलून कडेवरून बोट फिरवलं. "ही मी लावलेली नाही. दोन्ही शिंपल्या वेगवेगळ्या जिवांच्या आहेत."

"पण रंग जुळतोय की," बाबा पुटपुटले.

"अहो, एकाच जिवाच्या दोन्ही बाजू एका रंगाच्या थोड्याच असतात? वाळूवर टेकते ती फिकी, वरची रंगीत. खाचेत खाच बसली पाहिजे."

"मला वाटलं, तुला दिसत नाही म्हणून..." बाबांनी जीभ चावली.

मालकीणबाईंनी आईकडे पाहिलं. "दिसत नाही?"

"फारसं नाही," आई म्हणाली. "बोटांनी लावते."

मालकीणबाईंनी टोपली आईपुढे सरकवली. "लावा पुन्हा. आणि तुम्ही हो, हात खिशात घालून बसा!"

"बसतो, बाई."

पुढे मालकीणबाई थकल्या आणि कारखाना भाचीला देऊन लेकीकडे राहायला गेल्या. मी लग्नानंतर शिवणकाम धरलं. आईची नजर पुरती गेली, तरी ती जुळवत राहिली. बाबा शेजारी बसून हातात देताना प्रत्येक शिंपलीचा रंग सांगायचे. तिला त्याची गरज नसायची, पण ती ऐकून घ्यायची. बाबा गेले, त्यानंतर ती कारखान्यात गेली नाही.