साडेबासष्ट किलो

मित्रांनो, मी माणसांचे वजन सांगणारा काटा आहे. पाय ठेवायला लोखंडी पाट, त्यावर छातीएवढा खांब आणि खांबाच्या डोक्यावर ताटाएवढी गोल तबकडी, असा माझा थाट. सध्या माझा मुक्काम जपानमधल्या ‘हागी-नो-यु’ नावाच्या सार्वजनिक स्नानगृहात, पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत आहे. आंघोळ करून आलेली माणसे ओल्या पायांनी माझ्यावर चढतात, पोट आत ओढतात, आणि तरीही वजन तेवढेच भरले म्हणून मला शिव्या देतात. मला त्या शिव्या गोड वाटतात. याआधीची सत्तावीस वर्षे मी जिथे काढली, तिथे माझ्यावर हसत चढणारे फार थोडे होते.

माझा काटा बसवणारा कारागीर चिकट स्वभावाचा होता. त्याने माझ्यावर वजने ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. संध्याकाळी तो म्हणाला, “हा काही खोटं बोलायचा नाही.” मग त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. मी फुशारून गेलो. मला वाटले, आपली रवानगी एखाद्या शाळेत होणार. पण मला न्यायला आली ती तुरुंगाची गाडी.

त्या तुरुंगात फाशीची शिक्षा झालेली माणसे ठेवत. कुणाचा दिवस केव्हा येणार हे त्यांना सांगत नसत. ज्या दिवशी न्यायचे त्याच सकाळी सांगत. त्यामुळे न्याहारीनंतर बाहेर बुटांचा आवाज आला की सगळी रांग श्वास रोखून बसे. बूट पुढे निघून गेले की आणखी एक दिवस मिळाला.

महिन्यातून एकदा त्यांना दवाखान्यात आणून माझ्यावर उभे करत. होझुमी नावाचा शिपाई आकडा मोठ्याने वाचून वहीत लिही. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ असा हा माणूस. कैद्याचे वजन घटले असेल तर तो विचारी, “जेवत नाहीस का रे?”

पण कधीकधी महिना भरायच्या आतच एखाद्याला आणत. तपासणी आहे, असे सांगत. मित्रांनो, फाशीच्या दोराची लांबी माणसाच्या वजनावर ठरते. त्यात चूक झाली तर काय होते ते मी सांगणार नाही. चूक होऊ नये म्हणून मी होतो. त्या कारागिराने ज्या खरेपणासाठी माझी पाठ थोपटली, तो खरेपणा असा कामाला आला. अशा दिवशी होझुमी आकडा हळू आवाजात वाचायचा आणि नंतर फडके घेऊन माझा पाट पुसत बसायचा. पाट स्वच्छच असायचा.

पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि मी अडगळीत पडलो. तिथे चार वर्षे धूळ खाल्ली. अखेर तुरुंगाने मोडीचे सामान काढले, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडच्या स्नानगृहाची मालकीण मित्सुएबाई मला ढकलगाडीवर घालून घेऊन आली. मी कुठून आलो हे तिने गिऱ्हाइकांना सांगितले नाही.

होझुमी तोवर निवृत्त झाला होता आणि रोज दुपारी तिथेच आंघोळीला यायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या पाठीवरचा शिक्का पाहिला. हातातली बादली त्याने सावकाश खाली ठेवली. त्यानंतर तो भिंतीच्या कडेकडेने जाऊ लागला. माझ्यावर तो कधी चढला नाही.

त्याचा एक दोस्त होता, हिवाताशी. तातामी चटया विणणारा, तळहात घट्ट्यांनी भरलेले, आवाज असा की बायकांच्या बाजूलाही ऐकू जावा. दोघे एकमेकांची पाठ चोळून देत. हिवाताशीचा धाकटा भाऊ टॅक्सी चालवायचा. ओगिता नावाच्या एका उतारूने त्याला दिवसभराच्या कमाईसाठी मारले होते. ओगिताला फाशी झाली ती याच गावच्या तुरुंगात. होझुमी तिथे शिपाई होता एवढे हिवाताशीला माहीत होते. “मी दवाखान्याकडे होतो,” असे होझुमी सांगे आणि विषय संपे. अकरा वर्षे ते असेच एकमेकांची पाठ चोळत होते.

फेब्रुवारीतली दुपार होती. खोलीतल्या टीव्हीवर बातमी लागली की सकाळी एकाला फाशी दिली. मग स्टुडिओतली माणसे वाद घालू लागली. फाशी क्रूर आहे का? दुसरी काही रीत आहे का?

कोपऱ्यात दूध पीत बसलेला निशिना न्हावी म्हणाला, “अमेरिकेत सुई टोचतात म्हणे. झोप लागते, संपलं. आपल्याकडेही तसंच करावं. उगीच कशाला दोरखंड?”

“झोप?” हिवाताशी टॉवेल झटकत उभा राहिला. “माझ्या भावाला दिली होती का त्याने झोप? म्हणे सुई! अरे निशिना, तुझ्या वस्तऱ्याने गालाला ओरखडा निघाला तर मी दोन दिवस ओरडतो. आणि त्या मेल्यांना काही लागू नये?”

“मी आपलं म्हणालो...”

पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूंच्या मधल्या गल्ल्यावरून मित्सुएबाई म्हणाली, “सुई काय नि दोर काय, माणूस मरतोच ना? मग दुखलं किती एवढंच काय मोजत बसलात?”

“मी मोजणार!” हिवाताशी म्हणाला. “एकोणीस वर्षं मला एकच जाणून घ्यायचंय. त्याला दुखलं का? कुणी सांगत नाही.”

होझुमी शर्टाची बटणे लावत होता. त्याचे हात थांबले.

“मलाही ठाऊक नाही,” तो म्हणाला. “मी पडद्याच्या अलीकडे होतो.”

निशिनाने टीव्ही बंद केला.

“कुठे होतास?” हिवाताशीने विचारले.

“भिंतीवर तीन बटणं असतात. तीन शिपाई एकदमच दाबतात. कुणाच्या बटणाने खालची फळी उघडली ते कुणालाच कळू नये म्हणून. मी मधला होतो. ते मी विसरू शकतो, हिवाताशी. तिघांत वाटलं गेलंय ते. पण आदल्या दिवशी त्याचं वजन केलं ते मी एकट्याने.” त्याने माझ्याकडे बोट केले. “याच काट्यावर. साडेबासष्ट किलो. मी वाचल्यावर तो हसला. म्हणाला, ‘साहेब, दीड किलो वाढलो की! ताईला पत्रात लिहितो, ती सारखी जेव जेव म्हणते.’ तपासणी आहे असं मीच त्याला सांगितलं होतं. आणि तो मला ‘आभारी आहे’ म्हणाला.”

मित्रांनो, ते वाक्य मीही ऐकले होते. त्या दिवशी माझा काटा नेमका साडेबासष्टवर स्थिर होता, आणि मला तो ढळवता आला नाही.

“म्हणजे तू त्याची बाजू घेतोस,” हिवाताशी म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“नाही. खटल्याच्या कागदांतले तुझ्या भावाचे फोटो मी पाहिलेत. त्याने काय केलं ते मला माहीत आहे.”

“मग अकरा वर्षं माझ्या पाठीला साबण लावताना तोंड का शिवलं होतंस?”

हिवाताशी ओल्या केसांनीच बाहेर पडला. साबणदाणी विसरला ती विसरलाच.

त्यानंतर पाच आठवडे तो आला नाही. होझुमी रोज यायचा आणि एकट्यानेच लांब दांडीच्या ब्रशने पाठ घासायचा. मित्सुएबाई साबणदाणी पुसून ठेवायची. मला वाटे, एका आकड्याने मी दोनदा घात केला, आधी एका माणसाचा आणि आता एका दोस्तीचा.

मार्च सरता सरता, एका दुपारी दार सरकले. हिवाताशी कागदात गुंडाळलेले पुडके काखेत धरून आत आला. खोलीभर सुक्या मासळीचा वास सुटला.

“हे काय, दुकान टाकलं का?” निशिना म्हणाला.

“गप रे.” तो होझुमीसमोर येऊन बसला. “त्या ओगिताची बहीण आहे ना, ताई म्हणायचा ती. किनाऱ्याकडे सुकी मासळी विकते. मी गेलो होतो.”

होझुमी त्याच्याजवळ सरकला.

“भांडायलाच गेलो होतो. नाव सांगितलं, तर म्हातारी दुकानातल्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. उठेचना. म्हणाली, शेजारीपाजारी आजही तिच्याकडून काही घेत नाहीत, लांबच्या गावात नेऊन विकते. मग मी बांगडे घेतले. सहा.” त्याने पुडके दोघांच्या मध्ये ठेवले. “मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही बहुतेक. त्याला जगू द्यायला हवं होतं असं अजूनही माझ्या तोंडून निघत नाही. पण त्या बाईने काय केलं होतं? तिला कुणी, कुठल्या कोर्टाने शिक्षा दिली?”

“शेवटचं पत्र तिला मिळालं होतं का?” होझुमीने विचारले.

“मिळालं. वजन वाढल्याचं लिहिलं होतं. तिने दाखवलं मला.” हिवाताशीने नाक पुसले. “खरंच दीड किलो लिहिलंय.”

होझुमीने चेहऱ्यावर टॉवेल धरला. त्याचे खांदे हलत होते. हिवाताशीने त्याला रडू दिले, मग उठवले आणि आत नेले. दाराच्या काचेतून मला दिसले. आधी होझुमी पाठ करून बसला आणि हिवाताशी साबण लावू लागला.

मित्रांनो, फाशी असावी की नसावी, असलीच तर कोणत्या रीतीने द्यावी, यावर आजही माझ्यासमोर रोज भांडण होते. मी लोखंडाचा आहे, मला निवाडा येत नाही. मला अचूक आकडा सांगता येतो, आणि अचूक असणे म्हणजे न्याय करणे नव्हे, एवढे मी शिकलो. माझी काच पुसा, सांध्यांना तेल द्या, मी अजून खूप वर्षे चालेन. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कुणी न्यायाधीश होईल, कुणी डॉक्टर, कुणी वही घेऊन उभा राहणारा शिपाई. तुमच्यापुढेही कुणाला तरी उभे करतील आणि तुम्हाला फक्त आकडा वाचायला सांगतील. तेव्हा आधी मान वर करा आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. मला डोळे असून मान नाही. तुम्हाला आहे.