आठ दिवसांची शिकवण

संपाच्या नवव्या दिवशी आमच्या ज्यूट मिलच्या वॉचमनचं डोकं फुटलं आणि त्याच सकाळी माझ्या मेल सर्व्हरची डिस्क भरली. मॅनेजरसाहेबांना काळजी डिस्कची.

"सूरिबाबू, कोलकात्याहून मालकांचे मेल यायचे थांबलेत. झोपा काढतोस काय रे?"

कसल्या झोपा! संपवाले गावातल्या नेट सेंटरमध्ये बसून पर्सोनेल ऑफिसर कामेश्वररावांना रोज चारपाचशे मेल पाठवत होते. भाषा तेलुगूच, अक्षरं इंग्रजी. तुझे हात तोडू, तुला मागाला बांधून मारू, तुझ्या बायकोचं कुंकू पुसू. फोनवरही तेच, म्हणून रावांनी मोबाईल बंद ठेवला होता. "काम असेल त्याने मेल करावा, धमक्या सूरिबाबूची चाळणी गाळते," असं ते सगळ्यांना सांगत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

चाळणी म्हणजे आलेले मेल तपासणारा प्रोग्रॅम. त्याची एक फाइल असते. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे लिहिलेलं असतं, की हा चांगल्या पत्रांत किती वेळा दिसला आणि घाणेरड्या पत्रांत किती वेळा. तीन वर्षांत ती फाइल फुगत फुगत डिस्क खाऊन बसली होती. खरी रीत अशी, की एखाददुसऱ्या वेळीच दिसलेले जुने शब्द काढायचे आणि उरलेले नव्या फाइलीत उतरवायचे. त्याला तीन तास आणि मोकळी जागा लागते. जागा नव्हती आणि साहेब डोक्यावर उभे. मी अख्खी फाइलच उडवली. कोऱ्या चाळणीला गेल्या आठ दिवसांची पत्रं दाखवली आणि म्हटलं, घे, यातून शिक.

आठ दिवस मिल बंद. चांगली पत्रं होती ती फक्त कोलकात्याची, इंग्रजीतली. बाकी सगळ्या शिव्या, तेलुगूत आणि रावांच्या नावाने. म्हणजे तेलुगू दिसलं, रावांचं नाव दिसलं की कचरा, असं मी तिला शिकवत होतो. हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही. मेल सुरू झाले, साहेब गप्प झाले आणि मी छाती फुगवून रावांच्या खोलीत गेलो.

"राव गारू," मी म्हटलं. गारू म्हणजे आमच्या तेलुगूतलं 'जी'. "बघा. एकही धमकी नाही."

त्यांनी पडद्यावर खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खरंच की रे. काल वीसपंचवीस तरी निसटून आल्या होत्या. थकले वाटतं लेकाचे."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी आणखी दोनदा मेल बघितले. पडदा स्वच्छ होता.

"आज घरी जेवायला जातो," ते माझ्या खोलीत डोकावून म्हणाले. "बायकोने गोंगुऱ्याची भाजी केलीय. कँटीनचं पाणचट सांबार आता घशाखाली उतरत नाही."

"डबा मागवा ना."

"अरे, भ्यायचं तरी किती? मागच्या गेटने जाऊन येतो."

माझी खिडकी मागच्या गेटवर उघडते. त्यांची स्कूटर बाहेर पडली आणि ज्यूटच्या गाठींमागून सातआठ जण धावले. पहिली सळई गुडघ्यावर बसली. स्कूटर घसरत गेली, राव उठायला लागले आणि दुसरी सळई तोंडावर बसली. मग कोणीच मोजून मारत नव्हतं. गाठी ओढायचा लोखंडी हूक एकाने त्यांच्या खांद्यात घातला आणि त्यांना फरफटत गटाराकडे नेलं.

मी ओरडत जिना उतरलो. पोचलो तेव्हा एक माणूस रावांवर पालथा पडून त्यांचा मार स्वतः खात होता. तो अप्पलनायडू, संपातलाच विणकर. त्याच्या मुलाला रावांनी मिलमध्ये चिकटवलं होतं. आपलाच माणूस मध्ये पडलाय हे दिसल्यावर मारणारे आणखी चेकाळले. त्याचा उजवा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग पोलिसांची जीप आली आणि ते पळाले.

"लिहिलं होतं मी त्यांना," नायडू रक्त थुंकत म्हणाला. "तरी कसे आले?"

राव दवाखान्यात पोचण्याआधीच गेले.

मी मिलमध्ये परतून कचऱ्याचा फोल्डर उघडला. सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी आलेला मेल होता. "राव गारू, आज मागच्या गेटने निघू नका. तिथे दबा धरून बसलेत, तुम्हाला मारणार आहेत. तुमचा अप्पलनायडू." सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तसंच झालं, आणि काडी माझी होती.

संध्याकाळी दवाखान्यात नायडूच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं.

"मी संपवाला ना," तो म्हणाला. "म्हणून माझ्या शब्दावर भरवसा ठेवला नाही त्यांनी."

"त्यांनी वाचलंच नाही, नायडू. तुझं पत्र मी शिकवलेल्या चाळणीने कचऱ्यात टाकलं."

मी त्याला फाइलीचं सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याचा डावा हात माझ्या तोंडावर बसला. पुन्हा बसला. ओठ फाटला, मी भिंतीवर आदळलो. मी हात वर केला नाही. त्याचीच ताकद संपली तेव्हा तो पलंगावर बसला आणि रडायला लागला.

"त्यांची बायको बाहेर बाकावर आहे," तो म्हणाला. "मघाशी मला विचारत होती, ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस, नायडू? मी लिहिलं होतं म्हटलं, तर खोटारडा म्हणाली. जा बाबू. तू सांग तिला."

मी ओठावरचं रक्त बाहीने पुसलं आणि बाकाकडे गेलो.