जगमामांचं अर्धं भाषण

सभागृहात त्यांना सगळे जगमामा म्हणत. नाव पडलं होतं चेष्टेतून, पण वर्षानुवर्षं वापरून ते इतकं गुळगुळीत झालं की दारावरचा शिपाईसुद्धा अदबीनं तेच म्हणे. देशाच्या अगदी काठावर काही बेटं होती. तिथली सगळी मतं एका बोटीत मावली असती. त्या मतांवर मामा निवडून आले. पहिल्याच अधिवेशनात पक्षानं बोलायचे विषय वाटून दिले. रस्ते, शाळा, शेती पुढच्या बाकांवरच्यांनी उचलली आणि मागे उरला परकीय मदतीचा विषय, कारण त्याला मतं नसतात. मामा लाजाळू. कोणी देईल ते घ्यावं आणि वर आभार मानावेत, असा स्वभाव. त्यांनी तो विषय घेतला, ग्रंथालयात जाऊन बसले आणि नकाशे उलगडता उलगडता त्या न पाहिलेल्या देशांच्या प्रेमातच पडले. कुठल्या नदीला कधी पूर येतो, कुठल्या गावाला पाणी लांबून आणावं लागतं, हे ते असं सांगत की जणू कालच तिकडून जेवून आलेत. कुठे भूकंप झाला, दुष्काळ पडला, की मामा उठून मऊ आवाजात मदत मागत आणि बोलून झाल्यावर आपण नीट बोललो की नाही या काळजीनं दिवसभर कोमेजलेले असत.

त्यांचा दुसरा विषय मात्र कोणी दिलेला नव्हता, तो जन्मानंच चिकटला होता. बेटांची बोट. आजारी माणसाला किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेणारी सरकारी बोट इंजिन बंद पडल्यापासून वाळूत कलंडून पडली होती आणि पोरं तिच्यावर घसरगुंडी खेळत. प्रादेशिक प्रश्नांची वेळ दिवसाच्या शेवटी येई. तोवर बाकं रिकामी झालेली असत, खिडक्यांतलं ऊन तांबूस होऊन गालिच्यावर उतरलेलं असे. मामा त्या उन्हाशी बोलल्यासारखे बोटीबद्दल बोलत. मंत्री उठून म्हणत, विषय विचाराधीन आहे.

"तुमची बेटं परदेशात असती तर एव्हाना बोट मिळाली असती," बायको म्हणायची. मामा हसायचे.

यंदा मात्र घोडं वेगळ्याच जागी पेंड खात होतं. बेटावर मामांची थोरली बहीण राहत होती. मामांना तिनंच वाढवलेलं. तिची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून अनेकदा किनाऱ्यावर जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागे. समुद्र शांत होता तोवर कोळी तिला आपल्या होडीतून नेत, येताना मासळीच्या टोपल्यांमध्ये बसवून आणत. पण वारे सुरू झाल्यावर होड्या निघत नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वाऱ्यांच्या आधी पक्की बोट नाही आली, तर ताईंनी बेट सोडून किनाऱ्यावर मामांच्या घरी राहायला यायचं, दुसरा मार्ग नाही. ताईला बेट सोडायचं नव्हतं. फोनवर ती त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि मामांना तेच जास्त लागत असे.

अशात दोन समुद्रांपलीकडच्या एका देशावर लाट चढून आली. गावं, धक्के, होड्या, सगळं ओढून घेऊन गेली. विरोधकांनी मदतीचा ठराव आणला. तिथे बोटी पाठवाव्यात, धक्के बांधून द्यावेत. सरकारला ठराव नको होता, पण तसं उघड म्हणायचीही लाज. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं चाललेलं.

पक्षप्रतोद, म्हणजे कोणी कुठे मत द्यायचं हे बघणारा माणूस, मामांपेक्षा वयानं पुष्कळ लहान होता. त्यानं मामांना व्हरांड्यात गाठलं, स्वतः चहाचा कप आणून हातात दिला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असा प्रकार आहे मामा, तो म्हणाला. मग आवाज उतरवून त्यानं बाकीचं सांगितलं. मदत नको असं दुसऱ्या कोणी म्हटलं, तर लोक त्याला दगडाच्या काळजाचा म्हणतील. पण जन्मभर मदत मागणारा माणूसच उठून म्हणाला, की आधी माझ्या बेटांना बोट द्या, मग जगाचं बघू, तर किनाऱ्याकडचे सगळे सभासद त्याच्या मागे जातील. ठराव पडेल.

"आणि बोट?" मामांनी विचारलं.

"कागद तयार आहेत. ठराव पडला की संध्याकाळी सही."

चहा तसाच राहिला. मामा घरी गेले आणि भाषण लिहायला बसले. खोटं काहीच लिहायचं नव्हतं. बेटावरचा बोटीचा धक्का खरा होता, ताई खरी होती, वारे येणार होते. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. तिनं हातातली भाजी निवडायची थांबवून ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं झालंय. फक्त शेवटच्या वाक्याला तुमचा आवाज तुमच्यासारखा येत नाही."

शेवटचं वाक्य टाळता येण्यासारखं नव्हतं. सभागृहाचा जुना दंडक होता. बोलणाऱ्यानं बसण्याआधी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी ठरावाच्या बाजूचा आहे की विरुद्ध. न सांगता बसला, तर तो बाजूचा धरला जाई. नव्या सभासदांना हे समजावून सांगायचं काम कितीदा मामांनीच केलं होतं.

भाषणाच्या दिवशी दुपारी सभागृह भरलं होतं. जेवणं होऊन सगळे सैलावले होते. वर पंखे संथ फिरत होते आणि त्यांच्या सावल्या बाकांवरून मोठ्या पक्ष्यांसारख्या जात होत्या. मामा उठले, चष्मा पुसला, वाचायला लागले.

त्यांनी बेटावरच्या धक्क्याचं वर्णन केलं. फळ्यांमधून खाली दिसणारं हिरवं पाणी. खुर्चीवर बसवून आणलेलं आजारी माणूस, आणि खुर्ची हलू नये म्हणून तिच्या पायांशी टेकवलेले दगड. क्षितिजाकडे बघून बघून बारीक झालेले डोळे. कोणी घाई करत नाही, कोणी रडत नाही. नुसतं बघतात. मामांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण का कोण जाणे, आज कुजबुज थांबली होती.

वाचता वाचता कागदावरची अक्षरं मामांना लागेनाशी झाली, कारण त्यांना धक्काच दिसू लागला. गालिचा हिरवट होऊन हलकेच वर-खाली होत होता. बाकांवरची माणसं ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांसारखी गप्प होती. पलीकडे ताई तिच्या खुर्चीवर बसलेली, पदराचं टोक दातात धरून. आणि तिच्या शेजारी आणखी एक बाई होती. ही बेटावरची नव्हती. तिला खुर्ची नव्हती. ती फळ्यांवर बसली होती आणि तिच्या बाजूचा अर्धा धक्का पाण्यात गेलेला होता. तीही तिकडेच बघत होती, जिकडे ताई बघत होती. मामा तिच्याबद्दलही सांगू लागले. तिचे ओले केस, मांडीवर उपडे ठेवलेले हात. कागदात यातलं काही नव्हतं. पण ऐकणाऱ्याला ते कुठे कळणार?

वेळ संपत आल्याची घंटा झाली. मामांना ती फार लांबून, धुक्यातल्या बंदरातून आल्यासारखी ऐकू आली. त्यांनी खाली पाहिलं. शेवटचं वाक्य तिथे होतं, ठळक, शहाण्यासारखं. म्हणून मी या ठरावाच्या विरुद्ध आहे. ते म्हणायचं, म्हणजे त्या बाईला उठ म्हणायचं. तू इथे बसू नकोस, ही जागा ताईची आहे. आणि ताई तर सरकून तिला जागा करून देत होती.

"ती थांबली आहे," मामा म्हणाले आणि खाली बसले.

अध्यक्ष थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, माननीय सभासदांना आणखी काही सांगायचं आहे का. पलीकडच्या बाकावरून प्रतोद मामांकडे असा बघत होता, की जणू नजरेनंच ते वाक्य त्यांच्या तोंडात भरवील. सांगायला अजूनही वेळ होता. मामांनी मान हलवली. नाही.

किनाऱ्याकडचे सभासद मामांच्या मागे गेले आणि ठराव मंजूर झाला.

प्रतोद ओरडला नाही. बाहेर भेटला तेव्हा थकल्यासारखा भिंतीला टेकला होता. "काय केलंत मामा. तेलही गेलं, तूपही गेलं."

"तूप गेलं नाही रे," मामा म्हणाले. "तिकडे गेलं."

"आणि हाती धुपाटणं?"

"ते माझ्याकडे आहे."

प्रतोदाला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. त्या संध्याकाळी मामा प्रादेशिक प्रश्नांच्या वेळी पुन्हा उठले, रिकाम्या बाकांपुढे बोट मागितली. मंत्री म्हणाले, विषय विचाराधीन आहे.

ताईला हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मामा कोळ्याच्या होडीतून स्वतःच बेटावर गेले. वारे अजून आले नव्हते, पण पाण्याचा रंग बदलू लागला होता. ताई ओट्यावर बसली होती. शेजारी पेटी बांधून तयार.

"म्हणजे बोट नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आम्ही दुकानात रेडिओवर ऐकत होतो. तू मध्येच थांबलास, तर दुकानदाराला वाटलं रेडिओच बिघडला. त्यानं त्याला दोन थपडा मारल्या."

मामा खाली बघत म्हणाले, "ताई, मला म्हणता आलं असतं. एकच वाक्य होतं. म्हटलं असतं तर बोट आली असती."

ताईनं पेटीची दोरी आवळली. मग म्हणाली, "मला राग आलाय. तू मनातल्या मनात ताईला राग नसेल असं धरून बसशील, म्हणून सांगते. तुझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं?"

"समोरच्या घराची भिंत."

"मग मी दिवसभर काय बघू?"

 मामांनी पेटी उचलायला हात घातला, तर ताईनं तो बाजूला केला. तिला आणखी विचारायचं होतं. "ती बाई कोण होती? धक्का आपला होता, पण बाई मी नव्हते. मी एवढा वेळ गप्प बसून राहणारी नव्हे."

"माहीत नाही. दिसली."

"तिला मिळेल का बोट?"

"मिळेल. जहाजं निघालीसुद्धा."

"बरं," ताई म्हणाली. त्या शब्दात आनंद नव्हता, पण तो शब्द तिनं मागेही घेतला नाही.

शेजारणीनं घराची किल्ली घेतली. दोघा कोळ्यांनी ताईला उचलून होडीत बसवलं. नावाड्यानं सुचवलं की पुढे तोंड करून बसा, पोटात ढवळणार नाही. ताई म्हणाली, कुठे चाललेय ते मला माहीत आहे, ते काय बघायचं. आणि ती बेटाकडे तोंड करून बसली. मामाही तिच्याशेजारी तसेच बसले. होडी निघाली. घरं लहान झाली, मग माड एकमेकांत मिसळले, मग बेट एक निळसर रेघ होऊन पाण्यावर तरंगत राहिलं आणि अशी वेळ आली, की ती रेघ बेटाची आहे की नुसती उन्हाची, हे सांगता येईना. ताईचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

"तिकडचं सांग," ती म्हणाली.

"तिकडचं म्हणजे? माझ्या घरचं?"

"घर बघेन उद्या. त्या बाईच्या गावचं सांग. ती सकाळी उठते तेव्हा तिला समोर काय दिसतं?"

मामांनी सांगायला सुरुवात केली. आपण नीट सांगतोय की नाही हा विचार आज त्यांच्या मनात आला नाही. नावाड्यानं वल्हं जरा हलकं मारलं, कारण त्यालाही ऐकायचं होतं.