दोन कुलपांचा डबा

“किल्ली हातची गेली की गुपित गेलंच,” म्हणत संगणकाच्या बाईंनी पत्र्याचा डबा पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे ठेवला. “मैत्रिणीला खरंखुरं काहीतरी लिही. तिच्याशिवाय कुणी वाचणार नाही. माझा शब्द.”

मुलीने चिठ्ठी आत टाकून कुलूप घातलं. डबा हातोहात शेवटच्या बाकावर गेला. मैत्रिणीने त्यावर आपलंही कुलूप चढवून तो परत धाडला. मुलीने स्वतःचं कुलूप काढलं. आता डबा मागे जाणार, मैत्रीण आपलं उघडणार. किल्ली मात्र कुणीच कुणाला देणार नाही. संगणक-मोबाइलवरचे निरोप साधारण असेच जपले जातात, हे एकोणीस वर्षं घसा कोरडा करूनही पोरांच्या गळी उतरलं नव्हतं. आज उतरत होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात.

“चिठ्ठ्या चालल्यात?”

“धडा चाललाय, सर.”

“उघडा तो डबा.”

“नाही उघडता येणार. तोच तर धडा आहे.”

वर्ग फिसकन हसला, आणि तिथेच घात झाला. मुख्याध्यापकांनी किल्लीसाठी मैत्रिणीपुढे हात पसरला. ती मूठ आवळून बसली. मग त्यांनी फळ्याजवळची लोखंडी पट्टी घालून कडीच उचकटली आणि मोठ्याने वाचलं, “मी अजून झोपेत अंथरूण ओलं करते, म्हणून सहलीला येत नाही.”

कुणीतरी खिदळलं. मुलगी दप्तर टाकून बाहेर पळाली.

एरवी शिक्षकांच्या खोलीत बाईंना ‘हो-सर बाई’ म्हणत. आज त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चिठ्ठी हिसकावून तिचे कपटे केले.

“तिची माफी मागा.”

“कुणाशी बोलताय, भान आहे?”

“आजच आलंय! कडी तोडायला अक्कल लागत नाही, सर. जोर लागतो. तो पोरीवर दाखवलात!”

“आत्ताच्या आत्ता ऑफिसात या!”

बाई ऑफिसच्या उलट दिशेने निघाल्या. स्वतःचाही संताप येत होता. शब्द आपण दिला होता. डब्यावर आडवं पडायला हवं होतं.

पाण्याच्या टाकीमागच्या पायरीवर मुलगी गुडघ्यांत तोंड खुपसून बसली होती.

“शब्द मोडला गं माझा,” बाई म्हणाल्या.

मुलगी थोडी सरकली. बाई शेजारी टेकल्या.

शिपाईमामा दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, “बाई, साहेब खवळलेत. काय सांगू?”

“बाई वर्गावर आहेत म्हणून सांगा, मामा.”